चार हजार झाले की जाऊ

गेल्या महिन्यात माझं रक्त तपासलं. मला काही झालं नव्हतं. रिटायर झाल्यापासून लेक मागे लागली होती, "आई, एकदा सगळं तपासून घे." शेवटी तिचं तोंड बंद करायला गेले. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी आमच्या बेलवलीच्या बाजारात भाजीवालीशी अळूच्या जुडीवरून वाद घालत होते. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि मग ती ओळ आली. पांढऱ्या पेशी, एकूण ३७००. शेजारी 'कमी' अशी जाड अक्षरातली खूण, आणि पुढे छापलेली मर्यादा, ४००० ते ११०००.

मी अळू तिथेच टाकलं आणि घराकडे वळले. भाजीवाली मागून ओरडली, "ओ मावशी, घ्यायचं नव्हतं तर एवढं उकरलंत कशाला?" बरोबरच होतं तिचं.

पेशी कमी आल्या म्हणून मी घाबरले नव्हते. तो चार हजारांचा आकडा दिसला आणि सासूबाई आठवल्या. आठवल्या कसल्या, समोर येऊन उभ्याच राहिल्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचून. "आकडा किती आला गो?" हे विचारणारं माणूस आता माझ्या घरात नाही. साडेतीन वर्षं होत आली.

हे कळायला आधी माझी नोकरी सांगायला हवी. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते, क्वालिटी कंट्रोलला, एकतीस वर्षं. काम म्हटलं तर सोपं. माल आला की नमुना काढायचा आणि ड्रमवर पिवळं लेबल लावायचं, म्हणजे तपासणी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आकडा मर्यादेत बसला की हिरवं लेबल, नाही बसला की लाल. मर्यादा नव्व्याण्णवची असली आणि माल अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ आला, तर प्रॉडक्शनचे साहेब येऊन गयावया करायचे, "मॅडम, एवढ्याशाने काय होतंय?" मी म्हणायचे, "एवढ्याशाने काही होत नाही, तर मग मर्यादा छापलीच कशाला?" खमकी बाई म्हणून नाव होतं माझं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

सासूबाई चामटोलीच्या. सगळा जन्म भातशेतीत गेला. सासरे गेल्यावरही त्या गावीच धाकट्या दिराकडे राहिल्या. आमच्या ब्लॉकमध्ये दोन दिवसांवर कधी टिकल्या नाहीत. "तुमच्या घरात पाय टेकायला माती नाय," म्हणायच्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात. आमचं भांडण कधी नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मी त्यांना "आई, जेवलात का?" विचारायचे, त्या "जेवले" म्हणायच्या. वर्षानुवर्षं तेवढंच चाललं होतं.

मग त्यांच्या मानेत गाठ आली. लसीका ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टर उल्हासनगरला बसायचे, केमो तिथेच, दर तीन आठवड्यांनी. गावाहून जाणं-येणं झेपलं नसतं, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. माझी ओढाताण नको म्हणून आमचे हे बाई ठेवू म्हणत होते. मी म्हटलं, काही गरज नाही, मी आहे ना. कंपनीत मी सकाळची पाळी मागून घेतली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. हे औषध आजाराच्या पेशी मारतं, तशाच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं. या पांढऱ्या पेशी अंगात शिरलेल्या जंतूंशी लढतात. औषधानंतर आठ-दहा दिवसांनी त्या फार कमी होतात, मग हळूहळू परत वाढतात. कमी असतील तोवर गर्दी नको, कच्चं खाणं नको, आणि ताप आला तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. एवढं त्यांनी सांगितलं. चार हजार हा आकडा त्यांनी सांगितला नव्हता. आज शपथेवर सांगते, तो आकडा त्यांच्या तोंडून कधी आलाच नव्हता. तो रिपोर्टवर छापलेला होता आणि मी तो उचलला. मर्यादा छापली आहे म्हटल्यावर दुसरं कोणाला काय विचारायचं?

सासूबाईंना मी घरी आल्यावर परत समजावून सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे राखणीची माणसं." भात तयार व्हायला आलं की रानडुकरं शिरतात, म्हणून शेतावर माचाण बांधून राखण करतात. त्यांचं सगळं त्या हिशेबात बसलं. तेव्हापासून रिपोर्ट आला की पहिला प्रश्न हाच, "राखणीला आज किती जण?"

आता आमच्याकडची रीत अशी, की माणूस आजारी पडलं की गाव त्याला बघायला येतं. नाही आलं तर माणुसकी नाही. पहिल्या केमोनंतर आख्खी चामटोली लोटली. नारळ काय, केळी काय, एका आत्याने तर जिवंत कोंबडी आणली होती. मी खालीच, बिल्डिंगच्या दारात उभी राहिले आणि एकेकाला परत पाठवलं. "आकडा कमी आहे, वर सोडता येणार नाही." आत्या कोंबडी काखेत धरून माझ्याकडे बघत राहिली. गावात बोभाटा झाला, शहरातल्या सुनेनं म्हातारीला कोंडली. होऊ दे, म्हटलं. मी काय लोकांच्या तोंडाला लागत बसू? सासूबाई खिडकीतून खाली हात हलवत होत्या. माझ्या लेखी तेव्हा त्यांच्यावर पिवळं लेबल होतं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींना सापडलो. मी दुपारी घरी यायचे, त्या जिन्यातली पावलं ओळखून कडी काढून ठेवायच्या. मला चहा कधी कोणी आयता दिला नव्हता, त्या द्यायच्या, आणि पातेलं विसळून पालथं घालायच्या. त्यांचे केस गळायला लागले तेव्हा मीच उरलेले कापून दिले. आरशात बघून म्हणाल्या, "कापणी झाली गो!" आणि अशा हसल्या की मलाही हसू फुटलं. माझ्या नवऱ्याच्या लहानपणाचे सगळे प्रताप मला तेव्हा कळले. तो ओढ्यात पडला होता ते, शाळेत जातो सांगून गोठ्यात झोपला होता ते. माझ्या आईने मला जेवढं जवळ घेतलं नसेल तेवढं या बाईने त्या चार महिन्यांत घेतलं. मला त्यांची सवय लागली. सवय लागणं किती वाईट असतं ते नंतर कळलं.

दसरा जवळ आला तशा त्या अस्वस्थ व्हायला लागल्या. आमच्या सासरी दसऱ्याला नवं खातात. लवकर पिकणारं हळवं भात तोवर कापून झालेलं असतं. त्याच्या लोंब्या दाराला बांधायच्या, नव्या तांदळाचा भात चुलीवर शिजवायचा, देवाला दाखवायचा, आणि मग घरातल्या थोरल्या बाईने सगळ्यांच्या पानात पहिला हात भरून वाढायचा. थोरलीने वाढल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांची सासू गेली. तेव्हापासून एकही दसरा त्यांनी चुकवला नव्हता.

"दसऱ्याला सोडशील ना मला?" त्यांनी विचारलं. मला, सुनेला. मुलाला विचारलं नाही. घरात लेबलं कोण लावतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"चार हजार झाले की जाऊ," मी म्हटलं.

झालं, त्यांनी तो नवसच धरला. अंड्याचा वास सहन व्हायचा नाही, तरी नाक दाबून उकडलेली अंडी खाल्ली. वरण वाटीने प्यायल्या. "याच्यानं वाढतील ना?" प्रत्येक घासाला विचारायच्या. पेशी अंड्याने अशा वाढत नाहीत हे मला माहीत होतं, पण खातायत तर खाऊ देत म्हणून मी "वाढतील, वाढतील" म्हणायचे. दसऱ्याच्या आठवडाभर आधीच त्यांनी पिशवी भरली. त्यात एक हिरवं नऊवारी, देवाला वाहायच्या कुंकवाचा करंडा आणि नातवंडांसाठी चॉकलेटं होती. पिशवी दाराच्या कडेला ठेवली, म्हणजे निघताना राहायला नको.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट मी कंपनी सुटल्यावर उलटं उल्हासनगरला जाऊन हातात घेतला. पांढऱ्या पेशी २९००. माझा चेहरा उतरलेला बघून लॅबवाल्या सिंधी बाई काउंटरवरून वाकल्या. साठीच्या होत्या, मला अदी म्हणायच्या, त्यांच्यात बहिणीला म्हणतात तसं. "अदी, टोटल मत देखो. नीचे न्युट्रोफिल देखो, कितना परसेंट है. अच्छा है. डॉक्टर को एक फोन लगाओ."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मैं खुद लॅब में हूँ, मुझे रिपोर्ट पढना आता है."

त्या बिचाऱ्या पुढच्या माणसाकडे वळल्या. मी फोन लावला नाही. सणाच्या तोंडावर डॉक्टरांना कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. मर्यादा चार हजार, आकडा एकोणतीसशे, यात विचारायचं काय? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी रिकामा घरी घेऊन आले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आकडा किती आला गो?"

"एकोणतीसशे."

"कमी किती पडले?"

"अकराशे, आई."

"बरेच गो," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. खाली वाकून ती पिशवी उचलली आणि आत नेऊन कपाटात ठेवली. कपाटाचं दार त्यांनी किती हळू लावलं ते मला अजून आठवतं.

दसऱ्याला दुपारी दीर डबा घेऊन आले. नवा भात, वर वालाची उसळ, आणि दाराला बांधायला लोंब्या. मी लोंब्या बाहेरच ठेवल्या, धूळ नको म्हणून, आणि भात कुकरमध्ये परत वाफवला, जंतू नकोत म्हणून. त्याचा पार गिचका झाला. सासूबाईंनी एक घास घेतला, चघळत राहिल्या, आणि ताट सरकवलं. "चांगला हाय," म्हणाल्या, "पण वाढायला मी नव्हते ना." तिकडे गावात त्या वर्षी पहिल्यांदा धाकट्या जाऊबाईंनी वाढलं. वाढताना तिला रडू आलं, असं दिरांनी सांगितलं.

चार दिवसांनी केमोची तारीख होती. नवी तपासणी नको, दसऱ्याचा रिपोर्ट चालेल, असं डॉक्टरांच्या माणसाने कळवलं होतं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "छान आहे आजी. देऊ या आज औषध."

मी म्हटलं, "अहो, पण एकोणतीसशेच आहेत ना? चार हजारांच्या खाली?"

ते म्हणाले, "एकूण आकडा एवढा महत्त्वाचा नाही हो. पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या असतात. जंतूंशी पहिली झटापट करतात त्या न्युट्रोफिल. त्या इथे चौसष्ट टक्के आहेत. एकोणतीसशेचे चौसष्ट टक्के काढा, साडेअठराशे झाल्या. दीड हजाराच्या वर असल्या की आम्ही खूश असतो." आणि मग सासूबाईंकडे बघून हसत म्हणाले, "काय आजी, दसऱ्याला गावी जाऊन आलात की नाही?"

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "नाय डॉक्टर, मलाच कंटाळा आला." आणि माझ्याकडे वळून, जणू काहीच झालं नाही अशा आवाजात, "म्हंजे रानात माणसं किती उभी ते नाय बघायचं. डुक्कर हाकणारी किती ते बघायचं. होय ना गो?" मी बीएस्सी. इतकी वर्षं लॅब. आणि चौथी शिकलेल्या बाईला ते एका दमात कळलं.

परत येताना रिक्षात मला रडू आवरेना. "आई, मी तुम्हाला उगाच अडवलं." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला. सलाइनने सुजलेला त्यांचाच हात होता, त्याने माझा थोपटत होत्या. "मुद्दाम केलंस काय? माझ्यासाठीच केलंस ना? पुढल्या वर्षी जाऊ. भात काय पळून जातंय?"

भात पळून गेलं नाही. औषधाला आजार दाद देईना. होळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं आणि वैशाखात त्या गेल्या. शेवटच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी नऊ हजार होत्या. मर्यादेत, अगदी मधोमध. हिरवं लेबल लावावं असा आकडा, आणि आठव्या दिवशी घर रिकामं.

त्यानंतर जिन्यात माझी पावलं वाजतात आणि आतून कडी कोणी काढत नाही. मी अजूनही क्षणभर थांबते. वेडेपणा आहे, कळतं मला. चहा करते आणि दोन कप काढते. आमचे हे दुसरा कप उचलून घेतात.

सासूबाईंनंतर घरातली थोरली मी. पहिला भात वाढायचा मान माझा. दरवर्षी दसऱ्याला जाऊबाईंचा फोन यायचा, "ताई, या ना. तुम्ही वाढल्याशिवाय कसं?" आणि मी दरवर्षी काहीतरी थाप मारायचे. एकदा गुडघा, एकदा लेकीची परीक्षा, एकदा कंपनीत ऑडिट, दसऱ्याच्या दिवशी! जाऊबाई "बरं" म्हणायची. ज्या पानात वाढायचं सासूबाईंकडून मी काढून घेतलं, त्यात मी कुठल्या तोंडाने वाढू?

आणि आता माझा हा रिपोर्ट. तीन हजार सातशे.

त्याच डॉक्टरांकडे गेले. लॅबवाल्या सिंधी बाई आता बसत नाहीत, मुलगा बसतो. त्यांची माफी मागायची राहूनच गेली. डॉक्टरांनी कागद बघितला. "तुम्हाला काही त्रास? ताप? वजन कमी?" काही नाही. "जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या. काही माणसांचा आकडा जन्मभर थोडा कमीच असतो, आणि ती ठणठणीत असतात."

जुने रिपोर्ट होतेच. कंपनीत दरवर्षी मेडिकल व्हायचं, रक्त घ्यायचे, कागद द्यायचे, आणि मी न बघता फाइलमध्ये लावायचे. दुसऱ्याच्या आकड्यांतून मान वर काढायला फुरसत होती कुठे? त्या दुपारी जमिनीवर बसून फाइल सोडली. ३८००. ३६००. ३९००. ३७००. वर्षानुवर्षं, एकदाही चार हजार नाही. आणि प्रत्येक कागदाखाली कंपनीच्या डॉक्टरांचा शिक्का, कामास योग्य. त्या दसऱ्याच्या वर्षीचाही कागद होता. ३८००. म्हणजे मी चार हजारांच्या आतल्या रक्ताने रोज अंबरनाथला जात होते, गर्दीत उभी राहत होते, रस्त्यावरची पाणीपुरी खात होते, आणि घरी येऊन त्यांना सांगत होते, चार हजार झाले की जाऊ.

फाइल मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते ठाऊक नाही. ह्यांनी येऊन दिवा लावला तेव्हा उठले. मग मी जाऊबाईंना फोन केला. "या वर्षी येते गं," म्हटलं. पलीकडून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला.

काल दसरा झाला. कपाटातली ती पिशवी मी चार वर्षं उघडली नव्हती. तशीच उचलली आणि रिक्षात बसले. चामटोलीत दाराला लोंब्या बांधल्या होत्या. चुलीवर भात रटरटत होता आणि त्याचा वास अंगणापर्यंत आला होता. ती कोंबडीवाली आत्याही होती. मला बघून तोंड फिरवेल असं वाटलं, पण तिने पुढे होऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी आत जाऊन हिरवं नऊवारी नेसले. मला नीट नेसता येत नाही, जाऊबाईने कासोटा घालून दिला.

पंगत बसली. सगळे हात आवरून माझ्याकडे बघत होते. देवाच्या बाजूला एक पान रिकामं मांडलेलं होतं, ते कोणाचं हे कोणी सांगायची गरज नव्हती. मी पातेल्यात हात घातला. ऊन ऊन भात, बोटं पोळली. पहिली मूठ त्या पानावर ठेवली आणि माझ्या कानात स्पष्ट आलं, आकडा किती आला गो?

"तीन हजार सातशे, आई," मी म्हटलं. "तरी आले."